सामानाला पास होता

(खांडबारा येथे भरलेल्या युवक शिबिरात, दुसऱ्या दिवशी दुपारी, चौथ्या ठरावावर केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे. मध्ये झालेली बोलाचाली तेवढी गाळली.)

 

मला खरं म्हणजे कविता म्हणायला बोलावलं होतं. काल रात्री ठरावांचा कागद हातात पडला. चौथा ठराव वाचला आणि वही परत पिशवीत टाकली. ठराव असा आहे: 'जाहीर आणीबाणीच्या काळात घरात बाईला मारहाण करणाऱ्यास नेहमीच्या दुप्पट शिक्षा व्हावी व तसा कायदा शासनाने करावा.' वाचायला झणझणीत आहे. टाळ्या पडतील असा आहे. ज्या पोरांनी लिहिला त्यांच्या पोटात आग आहे, त्याबद्दल वाद नाही. मला अनुमोदन द्यायला उभं केलंय. पण हा ठराव आहे तसा मी पुढे सरकू देणार नाही. का, ते सांगतो. मधे ओरडायचं असेल तर ओरडा, गोदीत काम करतो, आवाजाची सवय आहे.

आधी हे 'जाहीर आणीबाणी' काय प्रकरण आहे ते बघू. आपल्या बापजाद्यांना आणीबाणी म्हटलं की १९७५ आठवतं. २५ जूनची रात्र, मिसा, तुरुंग, नसबंदीच्या गाड्या. ती घटनेच्या ३५२ कलमाखालची. २०२० साली तसली आणीबाणी कुणी जाहीर केलीच नव्हती. तेव्हा चालला साथरोग कायदा, १८९७ चा, इंग्रजांनी मुंबईच्या प्लेगसाठी केलेला. चालला आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चा. आणि वर १४४ कलम. म्हणजे तुमचा हा ठराव तेव्हा कायदा असता तरी २०२० मध्ये एकाही नवऱ्याला लागला नसता. त्याचा वकील पहिल्याच तारखेला म्हणाला असता, साहेब, आणीबाणी आहेच कुठे? तेव्हा पहिली दुरुस्ती ही लिहा: साथ असो, पूर असो, दंगल असो, ज्या हुकुमाने माणसाला घरात कोंडलं जातं तो प्रत्येक हुकूम यात धरावा.

जाता जाता एक. त्याच प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करता सावित्रीमाई गेल्या, १० मार्च १८९७ ला. कायदाही त्याच वर्षीचा. रस्त्यावरच्या, घाटावरच्या, आगगाडीतल्या माणसाला कसं अडवायचं, कसं तपासायचं हे त्यात आहे. दार बंद झाल्यावर आतल्या बाईचं काय, हे त्यात नाही. सव्वाशे वर्षांनी तोच कायदा झटकून बाहेर काढला, तेव्हाही त्यात ते नव्हतं.

आता माझं सांगतो. तिला विचारून सांगतोय. ती म्हणाली, नाव घेऊ नको, बाकी सगळं सांग.

माझी थोरली बहीण नवापूरच्या बाजूला एका गावात दिलेली. मायचं माहेर हे, खांडबारा. मामा इथलाच. दाजी सुरतेला लूमवर. पंधरा दिवसांनी घरी यायचा, दोन दिवस राहायचा. त्या दोन दिवसांत एक दिवस मार ठरलेला. ताईने त्यावर स्वतःचा कायदा केला होता. मार सुरू झाला की पोराला काखेत मारायचं, स्टेशन गाठायचं, भुसावळकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसायचं आणि खांडबाऱ्याला उतरायचं. मामीच्या चुलीपाशी दोन दिवस. तेवढ्यात दाजी सुरतेला परत. मग ही घरी. पाच वर्षं असं चाललं. पोलीस नाही, कोर्ट नाही, संघटना नाही. एक पॅसेंजर गाडी आणि एक मामी, एवढ्यावर तिचा जीव टिकला होता. आपण भाषणात म्हणतो बाई दुबळी, बाई मुकी. ताई मुकी नव्हती. गाड्यांच्या वेळा तिला पाठ होत्या.

मार्च २०२० च्या २२ तारखेला प्रवासी गाड्या थांबल्या. २४ तारखेला रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि बारा वाजता देश बंद. लूम त्याआधीच बंद पडले होते, दाजी घरी येऊन बसला होता. आता तो पंधरा दिवसांनी दोन दिवस नव्हता. रोज होता. पगार नाही, दारूचं दुकान बंद. लोक म्हणतात दारूमुळे मारतात. दारू बंद होती तेव्हाही मारच होता, हे ताईच्या पाठीवर बघून घ्या.

त्या वेळी मी मुंबईत. एकवीस वर्षांचा. गोदी बंद नव्हती. बंदरं अत्यावश्यक. सगळं शहर दाराला कडी लावून बसलं होतं आणि मी गळ्यात पास अडकवून नाक्यानाक्यावर पोलिसांना दाखवत कामाला जात होतो. जहाजं लागत होती, डबे उतरत होते. कंटेनरला आम्ही डबाच म्हणतो. डबा ट्रेलरवर चढला की त्याचा कागद तयार, त्याला कुठल्या नाक्यावर कोण अडवणार? मालगाड्यासुद्धा चालू होत्या. ताईच्या गावाजवळच्या रुळांवरून रोज मालगाडी धडाडत जायची आणि ती दारात उभी राहून बघायची. सामानाला पास होता. तिला नव्हता.

एप्रिलमध्ये तिचा फोन आला. शेजारणीच्या फोनवरून, कुजबुजत. म्हणाली, "भाऊ, माले लेवाले ये." मी काय बोललो ते आता इथे सगळ्यांसमोर सांगतो, कारण कविता लिहिणारा माणूस हा, विद्रोहाच्या चार ओळी छापून आलेला माणूस. मी म्हणालो, "ताई, थोडं सोस. लॉकडाऊन उठू दे." कवितेत जो शब्द मी कधी वापरला नसता तो बहिणीला बिनदिक्कत सांगितला. माझ्या आजीला तिच्या भावाने सांगितला असेल तोच. फोन ठेवला आणि कामावर गेलो.

तिने वाट बघितली नाही. दुसऱ्या की तिसऱ्या रात्री पोराला पाठीशी बांधून रुळांवरून निघाली. रस्त्याने नाही, रस्त्याला नाके होते. पहाटे खांडबाऱ्याच्या शिवेवर पोचली तर गावबंदी. रस्त्यावर काटेरी फांद्या टाकलेल्या, आपलीच पोरं काठ्या घेऊन बसलेली. बाहेरचा माणूस आत येऊ द्यायचा नाही. मामाने हातापाया पडून तिला शाळेत ठेवून घेतलं, चौदा दिवस. पुढे महिन्याभराने, ८ मे ला, औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. ती बातमी मी गोदीतच ऐकली. डोळ्यापुढे पहिली ताई आली.

चौदा दिवसांनी ती मामाबरोबर पोलीस ठाण्यात गेली. कुठलं ते सांगत नाही. ठाणं कुठलंही घ्या. तिथे सांगितलं, "बाई, सगळी माणसं बंदोबस्ताला आहेत, नंतर ये." मामाने जोर केला तेव्हा सांगितलं, "ही संचारबंदीत घर सोडून आली कशी? हिच्यावरच १८८ लावू का?"

हे १८८ नीट लक्षात ठेवा. सरकारी हुकूम मोडला म्हणून लागणारं भारतीय दंड विधानाचं कलम. आता दंड विधान जाऊन न्याय संहिता आली, १ जुलै २०२४ पासून, तरी तेव्हा ते होतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे सांगतात: सरकारी हुकूम मोडल्याचे गुन्हे २०१९ मध्ये देशभर २९,४६९. २०२० मध्ये ६,१२,१७९. वीसपट. कागद होता, पेन होतं, शिपाई होता, लिहायला वेळ होता. आता दुसरा आकडा ऐका. ४९८ अ, नवऱ्याने आणि सासरच्यांनी केलेला छळ. २०१९ मध्ये १,२५,२९८ गुन्हे. २०२० मध्ये १,११,५४९. कमी झाले! आणि बंद उठल्यावर २०२१ मध्ये परत वर, १,३६,२३४. म्हणजे नवरे कोंडले तेव्हा सुधारले आणि सुटले तेव्हा बिघडले, असं मानायचं का?

कारण त्याच वेळी राष्ट्रीय महिला आयोगाकडे काय चाललं होतं बघा. २७ फेब्रुवारी ते २२ मार्चपर्यंत घरातल्या मारहाणीच्या तक्रारी १२३. २३ मार्च ते १६ एप्रिलपर्यंत २३९. तेवढेच दिवस, जवळपास दुप्पट. तेही ज्यांना आयोग माहीत, ज्यांच्याकडे फोन, ज्यांना लिहिता येतं, त्यांच्या. आयोगाने १० एप्रिलला व्हॉट्सअॅपचा नंबर काढला. इथल्या डोंगरातल्या मावची बोलणाऱ्या बाईने तो कुणाच्या फोनवरून लावायचा? घरात फोन एक, तो नवऱ्याच्या खिशात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत निघालंय की मार खाल्लेल्या बायांपैकी शंभरात सत्त्याहत्तर जणींनी कधी कुणाकडे मदत मागितली नाही, कुणाला सांगितलंही नाही. शंभरात सत्त्याहत्तर. या सत्त्याहत्तरांना तुमची दुप्पट शिक्षा कुठून कळणार?

तर शिक्षा कमी होती म्हणून ताई अडकली का? ४९८ अ मध्ये तीन वर्षं होतीच, १९८३ पासून. आता ते संहितेचं ८५ वं कलम झालंय, शिक्षा तीच. हाड मोडलं, जबर दुखापत केली तर सात वर्षं आधीपासून आहेत. तिच्या बाबतीत तीन वर्षांपर्यंत कुणी पोचलंच नाही. तीन मिनिटं कुणी लिहून घेतलं नाही. तीनाचे सहा केले तर न लिहिलेल्या गुन्ह्याची शिक्षा दुप्पट होईल. शून्याला दोनाने गुणा.

काही जण म्हणतील, शिक्षा वाढवल्याने सरकार जागं होतं. होतं ना, कुणासाठी होतं तेही बघू. २२ एप्रिल २०२०. देश बंद होऊन महिना झाला नव्हता. केंद्राने वटहुकूम काढला. डॉक्टर, नर्स, आरोग्य कर्मचारी यांच्यावर हल्ला केला तर तीन महिने ते पाच वर्षं, जबर दुखापत केली तर सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच लाखांपर्यंत. जामीन नाही. तपास इन्स्पेक्टरने करायचा आणि तीस दिवसांत संपवायचा. खटला वर्षात. जबर दुखापतीच्या खटल्यात आरोपीनेच सिद्ध करायचं की मी केलं नाही. चांगला कायदा, माझी तक्रार नाही. नर्सेस आपल्याच, वॉर्डबॉय आपलेच, सफाई कामगार तर आपलेच. पण या वटहुकुमाने एक गोष्ट उघडी पाडली. साथीच्या काळात शिक्षा वाढवता येते, महिन्याच्या आत वाढवता येते, संसद बंद असताना वाढवता येते. दवाखान्यात मार खाणाऱ्याला वटहुकूम मिळाला आणि घरात मार खाणारीला व्हॉट्सअॅप नंबर.

तरीही मी म्हणतो, त्या वटहुकुमातली सात वर्षं मला नकोत. तीस दिवस पाहिजेत. 'इन्स्पेक्टरनेच तपास करावा' हे वाक्य पाहिजे. आपली पोरं कायद्यातली वर्षं वाचतात, दिवस वाचत नाहीत. खरा कायदा दिवसांत असतो. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा काढून बघा. त्यात लिहिलंय, पहिली सुनावणी शक्यतो तीन दिवसांत, अर्ज निकालात काढायचा प्रयत्न साठ दिवसांत. आणि १९ व्या कलमात लिहिलंय की मॅजिस्ट्रेट मारणाऱ्याला घराबाहेर काढू शकतो. बाईला नाही, त्याला! संरक्षणाचा हुकूम मोडला तर ३१ व्या कलमाखाली वर्षभर कैद. हत्यार आहे. पण हे हत्यार हातात देणारा जो संरक्षण अधिकारी, त्याचा उल्लेख केंद्राच्या २४ मार्चच्या अत्यावश्यक यादीत कुठे नव्हता. पेट्रोल पंप होता, बँक होती, किराणा होता. बंदर अत्यावश्यक म्हणून मी कामावर होतो.

जगात दुसरीकडे काय केलं? स्पेनमध्ये, पुढे फ्रान्समध्येही, बाईने औषधाच्या दुकानात जाऊन ठरलेला शब्द बोलायचा, दुकानदाराने पोलिसांना कळवायचं. औषधाचं दुकान उघडं म्हणून. फ्रान्सने हॉटेलातल्या वीस हजार रात्रींचे पैसे भरायचं जाहीर केलं. इटलीत ट्रेंटो शहराच्या सरकारी वकिलाने सांगितलं, घर सोडायचं ते मारणाऱ्याने. आपल्याकडे जम्मू-काश्मीरच्या हायकोर्टाने एप्रिलमध्ये आपणहून दखल घेतली आणि किराणा, औषधाची दुकानं अशा जागी बाईला तक्रार सांगता आली पाहिजे असं सांगितलं. बघा, यात कुणी वर्षं वाढवत बसलं नाही. सगळ्यांनी दार शोधलं.

आणि लांब कशाला, पुण्याला या. एप्रिल २०२० मध्ये पुणे जिल्हा परिषदेने जाहीर केलं की लॉकडाऊनमध्ये बायकोला मारणाऱ्याला आधी समज देऊ, ऐकलं नाही तर उचलून संस्थात्मक विलगीकरणात टाकू. गावोगाव बायांच्या समित्या, त्यात अंगणवाडीताई, बचत गटाच्या बाया, पंचायतीच्या सदस्य बाया. त्या घरी जाऊन विचारणार. लोक हसले. मला हसू आलं नाही. मारकुट्या नवऱ्याला रोग्यासारखं उचलून चौदा दिवस शाळेत कोंडायचं! माझ्या बहिणीला तेच झालं होतं, उलट. मार खाल्ला तिने आणि शाळेत चौदा दिवस तीच कोंडली गेली.

आता मी जरा मागे जातो. हे तुम्हा शहरातल्या पोरांसाठी आहे. इथल्या लोकांच्या घरातली गोष्ट मीच त्यांना सांगतोय, चुकलं तर टोका.

इथून शहादा लांब नाही. तेव्हा सगळा धुळे जिल्हा, नंदुरबार वेगळा झाला १९९८ ला. १९७२ साल, दुष्काळ. गुजर जमीनदारांनी गिळलेल्या जमिनींसाठी भिल्ल उठले होते. अंबरसिंग सुरतवंती, श्रमिक संघटना. मोर्च्यात बाया पुढे असायच्या, गाणी त्याच म्हणायच्या. मग त्याच बायांनी विचारलं, जमीनदार मारतो तेव्हा आपण सगळे जातो, नवरा मारतो तेव्हा का नाही? आणि निघाल्या. गावोगाव दारूची मडकी फोडली. मारणाऱ्या नवऱ्याला घरातून बाहेर ओढून चारचौघांसमोर बायकोची माफी मागायला लावली. कायदा तेव्हा काय होता? ४९८ अ नव्हतं. २००५ चा कायदा नव्हता. हेल्पलाइन नव्हती. दुष्काळ होता, पोटात अन्न नव्हतं, म्हणजे आणीबाणीच होती. पण पन्नास बाया एकत्र दारात उभ्या राहू शकत होत्या.

२०२० मध्ये नेमकं तेच गुन्हा झालं. पाच माणसं जमली तर १४४. शहाद्याच्या बायांनी जे केलं ते लॉकडाऊनमध्ये केलं असतं तर नवरा घरात सुखरूप आणि पन्नास बाया गाडीत. मला रात्री जागवतो तो हा विचार. अशा हुकुमाने बाईची गर्दी काढून घेतली. तिची गाडी, तिचा आठवड्याचा बाजार, तिचं पाण्याचं टोळकं, तिची मामी काढून घेतली. नवऱ्याचं काय काढून घेतलं? काम आणि दारू. मग त्याला ती मोकळी सापडली.

म्हणून मी म्हणतो, सरकारकडे मागायचंच तर जे काढून घेतलं ते परत मागा. बायांच्या समितीला जमावबंदी लागू नाही, असं कायद्यात लिहून मागा. मार चुकवायला घर सोडणाऱ्या बाईला कुठलाही नाका, कुठलीही संचारबंदी, कुठलीही गावबंदी लागू नाही. तिचं अंग हाच तिचा पास.

आता तुमचा राग कळतो. तुम्ही म्हणाल, हा मारणाऱ्याची बाजू घेतोय. नाही. बायकोला मारणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे आणि ती खरी झाली पाहिजे. पण शिक्षा लांबवली की गावात काय होतं तेही बघा. इथली माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात, बारडोलीकडे. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्या कोयत्यावर घेतलेली. नवरा आत गेला की कोयता अर्धा होतो, उचल पूर्ण राहते. मुकादम कुणाच्या दारात येणार? तिच्या. मग तीच ठाण्यात जाऊन अंगठा लावते, माझी तक्रार नाही. तुम्ही सहा वर्षं लिहा, नऊ लिहा, ती तितक्या लवकर तक्रार मागे घेईल. उचलीचा प्रश्न सुटला नाही, तिच्या नावावर रेशन नाही, घर नाही, तर शिक्षेचा आकडा तिच्याच छातीवर दगडासारखा बसतो.

आणि तुरुंग? मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली गर्दी कमी करायला सांगितलं, महाराष्ट्रात सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यातले कच्चे कैदी तात्पुरत्या जामिनावर सोडले. बरोबरच होतं. त्या तुरुंगांत आपली माणसं लोकसंख्येतल्या वाट्याहून जास्त आहेत, सरकारचेच आकडे आहेत. पण त्याच दाराने बायकोला मारणाराही बाहेर येणार. म्हणजे साथीच्या काळात शिक्षा दुप्पट करायची आणि साथ आहे म्हणून सोडायचं. त्याला घरी सोडताना घरातल्या बाईला विचारायचं कुणी?

आपल्या जमातींवर १८७१ मध्ये गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला, आजही पारध्याचं पोरगं दिसलं की पोलिसाचा हात वळवळतो. तेव्हा पोलिसाच्या हातात आणखी मोठी काठी देताना ती पहिली कुणाच्या पाठीत बसेल, हा हिशेब आपल्याला करावाच लागतो. पण थांबा. हा हिशेब काही जण घरातही वापरतात. 'बाहेर व्यवस्था मला मारते म्हणून घरात माझा हात उठतो.' हे थोतांड आहे. मला मुकादम शिव्या देतो, डबा डोक्यावरून जातो तेव्हा जिवाची शाश्वती नसते, म्हणून मी बायकोला मारावं? माझा दाजी निळा झेंडा खांद्यावर घेणारा. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे. पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित कोण याची यादी आहे, त्यात स्त्रिया आहेत. अर्ध्या शतकापूर्वी लिहून ठेवलंय. बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, त्यात हिंदू कोड बिल हे मोठं कारण होतं. फोटोला हार घालताना हे कुणी सांगतं का? या शिबिरात किती जण घरी हात उचलतात? मी हात वर करायला सांगत नाही. ज्याचा त्याला माहीत आहे. बहिणीला 'सोस' म्हणणारा मी, मीही त्याच रांगेत.

कडक कायद्याची हौस सरकारलाही असते, ती फुकट असते. महाराष्ट्राने शक्ती विधेयक आणलं, डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, फाशीपर्यंत शिक्षा. पेढे वाटून झाले. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही, कायदा झाला नाही. त्यात किती भाषणं झाली आणि किती ठाण्यांत एक बाई जास्त बसवली, विचारा.

दुप्पट शिक्षा द्यायचीच असेल तर मला एक माणूस सुचतो. १९७२ मध्ये देसाईगंजच्या ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी पोरीवर पोलिसांनीच अत्याचार केला. सर्वोच्च न्यायालयाने ते दोन पोलीस सोडून दिले. देश पेटला, १९८३ मध्ये कायदे बदलले. पुढे २०१३ मध्ये १६६ अ कलम आलं: बलात्कार, अॅसिड हल्ला, विनयभंग असल्या गुन्ह्यांची तक्रार लिहून न घेणाऱ्या पोलिसाला सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी. पण त्या यादीत घरातला छळ नाही. ४९८ अ नाही. नव्या संहितेत कलमाचा नंबर बदलला, तरी घरातला छळ यादीत आला नाही. म्हणजे नवऱ्याने मारलेल्या बाईला 'नंतर ये' म्हणणाऱ्याला या कलमाचं भय तेव्हाही नव्हतं, आजही नाही. तुमची कडक शिक्षा तिथे लावा. एरवी 'नंतर ये' म्हटलं तर ती दुसऱ्या ठाण्यात जाईल, वकिलाकडे जाईल, माहेरी जाईल. संचारबंदीत 'नंतर ये' म्हटलं तर तिला परत त्याच खोलीत जावं लागतं. आणीबाणीत गुन्हा जास्त मोठा होतो तो इथे.

तर मी दुरुस्ती मांडतो, लिहून घ्या. साथ, पूर, दंगल वा कुठल्याही कारणाने लोकांना घरात कोंडणारा हुकूम निघाला की त्याच हुकुमात लिहावं: संरक्षण अधिकारी, निवारागृह आणि बायांच्या गावसमित्या अत्यावश्यक. घर सोडणाऱ्या बाईला अडवू नये. मारणाऱ्याला चोवीस तासांत घराबाहेर ठेवावं, तिला नाही. तपास तीस दिवसांत. तिच्या नावावर वेगळं रेशन, आणि तिच्या उचलीची वसुली तेवढे दिवस बंद. आणि तक्रार न लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला एरवीच्या दुप्पट शिक्षा. ताईला काल ठराव वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "तेले किती वर्स ठेवतस ते माले काय करनं? माले त्या रातले गाडी पाहिजे व्हती." हे वाक्य ठरावात बसत नसेल तर टिपणीत टाका.

आणखी एक दुरुस्ती सरकारसाठी नाही, आपल्यासाठी. परत कधी गावबंदी झाली तर काठी घेऊन शिवेवर बसणाऱ्या पोरांत दोन बाया असतील आणि पहाटे पोर पाठीशी बांधून आलेली बाई दिसली तर काटे आधी त्या उचलतील. हे खांडबाऱ्याच्या शाखेने आज कबूल करावं. त्या रात्री जे बसले होते त्यातले तिघे समोर बसलेत, मी ओळखतो, त्यांनीही मला ओळखलंय. भांडण नाही, तेव्हा तुम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं.

अध्यक्ष, मत घ्या. पण आधी त्या दाराशी सकाळपासून उभ्या असलेल्या बायांना आत बसायला जागा करा. पुढच्या दोन रांगांतली पोरं उठा जरा.